खळ्याबाहेरच्या चपला

बावधनहून निघताना मुलानं, बाळूनं, दारातच बजावलं, "आई, आज नीट जाऊन आलीस तर ठीक. न्हाईतर हितनं पुढं एकटीनं कुटं जायचं न्हाई." मागच्या आठवड्यात मी मोबाईल पिठाच्या डब्यात ठेवला होता, त्याचा हा राग. मी निघाले होते कासारसाईला, थोरल्या बहिणीकडं. तिला भेटायला मला सोबत नको असते.

बस सूसमार्गे निघाली. उंच बिल्डिंगी, मधेच एखादं भाताचं खाचर. आक्काला काय काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते. नांदे आलं आणि मी उतरले. उतरायचं नव्हतं. पाय सवयीच्या वाटेनं निघाले, मी चपला काढल्या, आत गेले.

"माताजी, यहाँ मंदिर नहीं है."

वॉचमन होता. समोर मोटारींची रांग. आमचं शेत विकलं, तिथं सोसायटी झाली. खळं (मळणीची जागा) होतं तिथं आता पार्किंग आहे. खळ्यावर आमच्यात कुणी पायताण घालून जात नाही.

"ठाऊक हाय," मी म्हणाले. तेवढ्यात पुढची बस दिसली, म्हणून धावले. बसचा पत्रा पायाला पोळला तेव्हा चपला आठवल्या.

आक्का ओट्यावरच बसली होती. "अनवानी? नवस बोललीस का काय?"

"खळ्याबाहेर राहिल्या."

ती एवढी हसली की तिला ठसका लागला. "बाळूला कळलं तर तुजं हितं येणं बंद!"

"म्हणून तर तुज्या चपला दे."

त्या मला लहान झाल्या. मग जेवलो. धरणातल्या चिलापीचं (माशाचं) कालवण आणि तांदळाची भाकरी. तिखट लई झालं होतं, तसं मी सांगितलं आणि पुन्हा वाढून घेतलं. दुपारभर परसातून धरणाचं पाणी बघत पडलो.

संध्याकाळी बाळू गाडी घेऊन आला. आधी माझे पायच बघितले. मी खरं ते सांगितलं.

"आई, सकाळी काय बोललो होतो मी?"

"ऐकलंय. गाडी नांद्यावरनं घे."

वॉचमननं चपला उचलून आतल्या भिंतीशी ठेवल्या होत्या. बाळू फोनवर ऑफिसचं बोलत उतरला. पार्किंगच्या कडेला थांबला, बूट काढले, आत गेला. बोलत बोलतच माझ्या चपला घेऊन आला आणि गाडी सुरू केली.

"बाळू, बूट?"

त्यानं पायांकडं पाहिलं. फोन बंद केला.

"पुढच्या महिन्यात परत जाणार हाय मी आक्काकडं. एकटी."

"जा," तो म्हणाला आणि बूट आणायला उतरला.

बावधन येईपर्यंत मी मजेत होते. शेत गेलं तरी त्या जागेला पायताण लावायचं नाही, हे आमच्या अंगात अजून आहे. बाळूला ते संध्याकाळी कळलं. मला सकाळीच कळलं होतं.