दाजींचा थांबा

माझ्या दाजींची बोटे जिथे टेकत, ती वस्तू आपले नेमून दिलेले काम विसरून जाई. जेवणाचे टेबल असो, टिफिनचा डबा असो, सिटी बसच्या सीटमागचा पत्रा असो की मांडीवर झोपलेल्या भाच्याची पाठ असो, दाजींना ते सगळे वाद्यच. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. हैदराबादेत काचीगुड्याजवळच्या एका मराठी प्राथमिक शाळेत ते तिसरी-चौथीला शिकवत. गौलीगुड्याच्या बाजारात भाजी घ्यायला गेले, की आधी भोपळ्यावर टकटक करून कान लावत. एकदा भाजीवाला वैतागून म्हणाला, "मास्टरसाब, लेना है कि बजाना है?" दाजी शांतपणे म्हणाले, "बजेगा तो लेंगे." वाजणारा भोपळा त्यांनी आणला आणि तो कच्चा निघाला. नळाला पाणी दिवसाआड येई, म्हणून अक्काने त्यांना पिंप आणायला पाठवले, तर तळ गंजून गेलेले लोखंडी पिंप ऑटोत घालून घरी आले. ह्याला तळ नाही, असे अक्काने दाखवून दिल्यावर म्हणाले, "म्हणून तर आवाज मोकळा आहे." त्यानंतर बरेच दिवस ती त्यांच्याशी माझ्यामार्फत बोलत होती. "तुझ्या दाजींना सांग, ताट वाढलंय. वाजवायचं नसेल तर या म्हणावं."

शहरात तेव्हा नवे वारे होते. ज्याच्या त्याच्या घरातला मुलगा कम्प्युटरच्या क्लासला जात होता आणि चिक्कडपल्लीत गल्लोगल्ली इंटरनेटची दुकाने निघाली होती. तशा एका दुकानात लोक अमेरिकेतल्या मुलांना पत्रे टाईप करायला जात, दाजी ढोल ऐकायला जाऊ लागले. कुणीतरी परदेशी शिक्षकांनी प्राथमिक शाळांसाठी जगभरच्या वाद्यांचे धडे इंटरनेटवर ठेवले होते. ब्राझील, जपान, क्यूबा, घाना. दाजींचे इंग्रजी बेताचे, म्हणून छापलेली पाने ते माझ्याकडे वाचून घ्यायला आणत. मी वाचनालयात नोकरीला, त्यामुळे वाचून दाखवणे हा माझा धर्मच आहे असा त्यांचा समज होता. मी एक वाक्य वाचून अर्थ सांगेपर्यंत त्यांची बोटे माझ्या टेबलावर पुढच्या धड्यात पोचलेली असत. "घानाची पोरंबी डबाच वाजवतात बघा," ते मला एकदा म्हणाले. त्या दिवशी त्यांना कुणी हरवलेला नातेवाईक सापडल्यासारखा आनंद झाला होता.

शाळेत वाद्ये कुठून असणार? तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या आणि अक्काने टाकून दिलेले ते पिंप एवढ्यावर शनिवारचा संगीताचा तास सुरू झाला. मुलांना वर्तुळात बसवावे, अशी धड्यात सूचना होती, म्हणून बाक व्हरांड्यात गेले. शेजारच्या वर्गाच्या बाई तक्रार करू लागल्या, की गोलात मागचा बाक कुठला हेच कळत नाही, मग रागवायचे कुणावर? धड्यातले परदेशी बोल मुलांच्या तोंडात बसेनात. घरात मराठी, गल्लीत दखनी आणि दुकानात तेलुगू बोलणारी ती मुले. दाजींनी त्यांच्यासाठी साऱ्या हैदराबादेला पाठ असलेले होकार-नकाराचे दोन शब्द घेतले. डब्याच्या मध्यावर मारायचे ते 'हौ' आणि काठावर लागोपाठ दोनदा मारायचे ते 'नक्को'. मग सगळा वर्ग एका सुरात म्हणू लागे, "हौ, नक्को, नक्को, हौ." रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटे, आत कसला तरी मोठा वाद चालला आहे आणि तो मिटायची चिन्हे नाहीत.

त्या वर्षी शाळेत कम्प्युटर यायचे ठरले. त्यासाठी वेळापत्रकात जागा हवी होती आणि शाळेच्या समितीची नजर शनिवारच्या तासावर गेली. यात कुणी वाईट नव्हते. एका मुलाचे वडील रेल्वेत होते. ते दाजींना फार अदबीने म्हणाले, की सर, डबा आमच्या घरी आहे, कम्प्युटर नाही. दाजी घरी आले आणि पाटावर नुसते बसून राहिले. बोटे हलत नव्हती. अक्काने मला बोलावून घेतले, ते मी त्यांना काही सांगावे म्हणून नव्हे, तर ती शांतता तिला एकटीला ऐकवत नव्हती म्हणून. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी तोड काढली. स्नेहसंमेलनात मुलांनी वाजवून दाखवावे, समितीने ऐकावे आणि मग तासाचे काय ते ठरवावे.

दाजींनी घानाचा एक ठेका निवडला. तो शिकायला ते रोज संध्याकाळी चिक्कडपल्लीला जात, कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसत. एकदा मी बरोबर गेलो होतो. चार-सहा ठोके वाजत, मग काहीच नाही, बऱ्याच वेळाने पुन्हा ठोके. दाजींच्या चेहऱ्यावर देवळात दिसते तशी समाधानाची कळा होती. "वाजवणं कुणालाबी येतं," परत येताना ते म्हणाले. "त्यांचं थांबणं बघा." त्या जागेला त्यांनी 'थांबा' असे नाव दिले. मुलांकडून तो बसवून घ्यायला त्यांना ठेक्यापेक्षा जास्त दिवस लागले. नऊ वर्षांच्या मुलाला डबा वाजव म्हणणे सोपे आहे. हात वर उचलून, श्वास धरून, शेजाऱ्याकडे न बघता थांब म्हणणे, ही शिक्षाच.

संमेलनाच्या दिवशी हॉल भरला होता. लहान मुले रडत होती, मागे कुणी चहाचे विचारत होते. डबे सुरू झाले तेव्हा लोक हसले. मग थांबा आला आणि सगळे हात हवेत राहिले. मुले विसरली, असेच सगळ्यांना वाटले. पुढच्या रांगेतली एक आई हलकेच म्हणाली, "वाजव की रे बाळा." बाळाने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. हळूहळू हॉलमधली कुजबूज थांबली, रडणारेही गप्प झाले आणि त्या गप्पपणात मुले एकदम सुरू झाली. अंगावर काटा आला म्हणणे मला आवडत नाही, पण तो आला.

नंतर ऑफिसात चहा चालला असताना कम्प्युटर बसवायला आलेला चिक्कडपल्लीच्या त्या दुकानातला तरुण दाजींशी हात मिळवून अगदी प्रेमाने म्हणाला, "सर, बच्चे बहुत अच्छा बजाए. पर वो रुकना गाने में नहीं है. लाइन स्लो रहती ना, बीच में अटकती."

समितीच्या अध्यक्षांचा कप ओठांपाशीच राहिला. मुख्याध्यापिकाबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. दाजींनी आधी त्या तरुणाकडे, मग आपल्या हातांकडे पाहिले. इतके दिवस जिथे त्यांनी देव पाहिला, तिथे टेलिफोनची तार निघाली होती.

"मशीन अटकली म्हणता," ते सावकाश म्हणाले. "मंग पोरं कशी थांबली?"

मग अध्यक्षांनी कप खाली ठेवला. ते कपड्याचे व्यापारी, मोजके बोलणारे. म्हणाले, "माझा नातू त्यात होता. घरी तो जेवतानासुद्धा थांबत नाही." आणि कम्प्युटरसाठी कवायतीच्या तासातून वेळ काढायचे ठरले. कवायतीचे सर आजही माझ्याशी धड बोलत नाहीत.

दाजी गेले त्याला आता वर्ष होत आले. नोकरीत असतानाच गेले, साध्या तापाचे निमित्त झाले. दिवस झाल्यावर मुख्याध्यापिकाबाई अक्काला भेटायला आल्या. जाता जाता त्यांनी मला बाजूला घेतले. नवे शिक्षक मिळेपर्यंत शनिवारचा तास तुम्ही सांभाळाल का, नाहीतर तो जाईल, असे त्या म्हणाल्या. मला वाजवता येत नाही, हे मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, ते मला माहीत आहे.

म्हणून मी जातो. वर्गात एक खुर्ची आहे, तिच्यावर बसतो. मुले मला काही विचारत नाहीत, मी त्यांना काही शिकवत नाही. एकमेकांना शिकवतात, भांडतात, चुकतात आणि पुन्हा डबे ओढून बसतात. तास संपल्याची घंटा होते. बाहेर आया वाट पाहत उभ्या असतात. मुलांना उठा म्हणायचे काम माझे आहे, पण ते मला लगेच जमत नाही.