दादाची परात

"दादा गेले, ताई. लगेच निघा," शेजारच्या नंदाताई फोनवर एवढंच बोलल्या. मी ढोकीहून मिळेल त्या गाडीनं परंड्याला निघाले. दादा माझा थोरला भाऊ, शाळेत इतिहास शिकवायचा. वाटेत पोटभर रडून घेतलं… घरी भांडायचंय हे तेव्हा कुठं ठाऊक होतं! दीड महिना झाला, माझा राग काही उतरत नाही.

जुन्या ग्रीकांच्या लढायांचं दादाला लई वेड. वर्गात दाखवायला ढाल हवी म्हणून या माणसानं वहिनींच्या लग्नातल्या पितळी परातीला भोकं पाडली! मधोमध हात अडकवायला चामड्याचा पट्टा, काठाला मुठीसाठी दोरी. वहिनींनी अबोला धरला. तो सोडवायला त्यानं अंगणात आमची फौज उभी केली: डावीकडं नंदाताई, मधे परात घेऊन वहिनी, उजव्या टोकाला मी. आम्हा दोघींच्या हातात नुसती ताटं.

"ढाल डाव्या हातात. अर्धी तुम्हाला झाकते, अर्धी डावीकडच्याला. म्हणून ती टाकून पळणाऱ्याला ग्रीकांत तोंड दाखवायला जागा नसायची," असं म्हणत तो समोरून खांद्यानं रेटायला लागला. आम्ही हसत हसत उजवीकडं सरकत थेट धुण्याच्या दगडावर आदळलो. दादा खूश! "असंच व्हायचं. जो तो शेजाऱ्याच्या ढालीआड शिरायला बघतो अन् सगळी रांग उजवीकडं कलते."

"अन् उजव्या टोकाच्यानं काय करायचं?"

"त्याची एक बाजू उघडीच. तिथं खमकं माणूस लागतं… तू हायेस की."

दादा गेला त्या दिवशी माणसं त्याला घेऊन स्मशानाकडं गेली आणि सोनारीच्या आमच्या आत्या दगड घेऊन वहिनींपुढं बसल्या. "हात पुढं कर."

"बांगड्या राहू द्या, आत्या. त्यांनी हौसेनं भरल्यात," वहिनी म्हणाल्या. ऐकतंय कोण! आत्यांनी मनगट धरलं तशी मी उठले, वहिनींना उभं केलं आणि त्यांच्या उजवीकडं खांद्याला खांदा लावला. नंदाताई आपणहून डावीकडं आल्या. वहिनींना झाकायचं काम आता माझं होतं.

"सरक. रीत हाय ती."

"असू दे. म्या न्हाय सरकत."

उजवीकडं दार उघडं होतं आणि पाय तिकडंच ओढत होते, खोटं कशाला सांगू? आत्यांनी माझा उजवा दंड आवळला, वळ उठले. "भाऊ गेला अन् तमाशा मांडलाय!"

"माझाच भाऊ गेलाय, आत्या. म्हणून तर उभी हाय."

मी रडत होते, पण जागची हलले नाही. तिघींतली एकही हलली नाही. शेवटी दगड खाली टाकून आत्या पाणीही न पिता निघून गेल्या. अजून बोलत नाहीत. नका बोलू म्हणावं!

परवा गेले तर वहिनी त्याच परातीत भाकरीचं पीठ मळत होत्या. पट्टा केव्हाच काढलाय, भोकं रिबिटांनी बुजवलीत. "बघा, पीठ अडकतंय इथं. चांगली परात बिघडवून ठेवली तुमच्या भावानं," त्या करवादल्या आणि आणखी जोरात मळू लागल्या. परातीच्या काठावर बांगड्या खणखण वाजत होत्या.