एका नाकाचे दोन रिपोर्ट

प्रत्येक माणसाच्या काळजात एक बंद कप्पा असतो आणि त्याची किल्ली तो मरेपर्यंत कोणाला देत नाही. माझ्या कप्प्यात एक नाक आहे. तेही माझं नाही, धाकट्या भावाचं — विलासचं.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही आमच्या पिपरी मेघेला राहत नसाल अशी आशा आहे.

करोनाचं दुसरं वर्ष. आमची बहीण मध्य प्रदेशात, पांढुर्ण्याला दिलेली. अंतर फार नाही, पण मध्ये राज्याची सीमा. तिच्या मुलीचं, गौरीचं लग्न ठरलं आणि महाराष्ट्रातून येणाऱ्याने निगेटिव्ह रिपोर्ट दाखवायचा, असा नियम. आता आमच्यात मुलीला बोहल्यावर आणतो तो मामा. मामा दोन, मान मोठ्याचा, म्हणजे माझा. पण गौरी कॉलेजला विलासकडे राहिलेली, त्याच्या स्कूटरवर मागे बसून सगळं वर्धा हिंडलेली. तिने आधीच सांगून ठेवलं — मला विलासमामाच आणेल. मी मोठ्या मनाने हसलो. मोठ्या मनाने हसताना जबडा किती दुखतो, ठाऊक आहे तुम्हाला?

त्या दिवसांत मी कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज सकाळी विज्ञान लिहीत असे. चाचणीला घाबरणाऱ्यांना अडाणी ठरवून मोकळा झालो होतो. खासगी लॅबमध्ये दोघांचे पैसेही मीच भरले — छाती काढून. मग आत गेलेला विलास डोळे पुसत बाहेर आला आणि माझं नाव पुकारलं गेलं. आणि मी — कसं सांगू? — दारातून त्या काडीची लांबी पाहिली. तिथूनच मागे सरलो.

विलासने माझं तोंड पाहिलं. "दादा, तू त लेकराहून भित्रा निंगाला! आन इकडं तुयी टोपी."

माझी टोपी घालून तो माझ्या नावाने पुन्हा आत गेला. पीपीई किटमधल्या माणसाच्या चष्म्यावर वाफ धरली होती. त्याला सगळी नाकं सारखीच.

रिपोर्ट आले. विलासच्या नावाचा पॉझिटिव्ह. माझ्या नावाचा निगेटिव्ह.

अंगणाच्या दोन टोकांना उभे राहून आम्ही पोट धरून हसलो. मग हसू ओसरलं. अजून वेळ होता. खरं सांगून, आपलं नाक पुढे करून, त्यालाही पुन्हा तपासायला लावता आलं असतं. पण विलास म्हणाला, "तू जा. दोघंबी नाई गेलो त पोरीले आणंल कोन?" आणि मी "बरं" म्हणालो. फार पटकन म्हणालो. चाचणीची भीती सोडा हो, ती कोणालाही वाटेल. मला आनंद झाला होता — खरं गुपित हे. भावाला ताप भरेल का, ही काळजी नंतर आली. फेटा कोणता बांधायचा, हा विचार आधी. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या मांडवात मी न तपासलेलं नाक घेऊन शिरलो. कोणी आजारी पडलं नाही, यात माझं कर्तृत्व शून्य. विलासला तर पुढे साधी शिंकही आली नाही.

लग्न मात्र काय झालं! भटजींनी मुलीच्या मामाला बोलावलं, आणि गौरीने एका हातात हार, दुसऱ्यात फोन धरला. फोनमध्ये विलास — घरच्या खोलीत एकटा, डोक्याला फेटा, अंगात बनियन.

"दादा, हळू चालवजो! तिची साडी पायात येऊन राह्यली!"

अख्खा मांडव हसला. गौरी हसता हसता रडली, मंगलाष्टकांचा सूर गेला तो गेलाच. तिचा कोपर मी धरला होता, पण ती चालत होती त्याच्याकडे बघत. इतकं सुखाचं मी दुसरं काही पाहिलेलं नाही. आणि माझ्या जागी खरं तर तो असायला हवा होता, हे मला तिथेच, पावलोपावली कळत होतं.

तो क्षण अल्बममध्ये आहे. फेटा आणि मास्क यांच्यामध्ये माझे फक्त डोळे दिसतात. गौरीची लेक त्यावर बोट ठेवून 'विलासआजोबा' म्हणते, आणि गौरी तिला दुरुस्त करत नाही.