चांदणीला उभं करायचं होतं

मला लिहायची सवय नाही. सुवर्णाबद्दल खरं तर दुसऱ्या कुणीतरी लिहायला हवं होतं. पण त्या सकाळी मी तिथे होतो, म्हणून प्रयत्न करतो.

गंगापूर रोडच्या पलीकडे घोडेस्वारीचा क्लब होता, मी तिथला कारकून. सगळे मला भाऊ म्हणत. १९९८ साली मुलांना शिकवायला मदतनीस हवा होता. मखमलाबादच्या फुलमळेवाल्यांची सुवर्णा आमच्याकडे तबेल्यात राबून स्वारी शिकली होती, ती ही जागा मागत होती. जागा मिळाली नाही तर घरचे लासलगावच्या स्थळाला होकार कळवणार होते. हे तिने मला सांगितलं होतं, दफेदारसाहेबांना नाही.

यादवराव दफेदार घोडदळातून निवृत्त झालेले, आमचे शिक्षक. त्यांना ती नकोच होती. "ज्याला घोडा थांबवता येत नाही, त्याच्या हातात मी लोकांची पोरं देणार नाही," असं ते म्हणत. त्यात मला चूक दिसत नसे. त्यांनी अट घातली. रविवारच्या ड्रेसाजच्या, म्हणजे घोडा इशाऱ्यावर चालवण्याच्या, धड्याला चांदणीवर बसायचं, आखलेल्या रिंगणात ते सांगतील तशी वळणं घ्यायची आणि मधोमध, ज्या जागेला एक्स म्हणतात तिथे, तिला उभी करून सलाम करायचा.

"घोडी उभी राहिली तर काम तुझं."

चांदणी वरातीवाल्याकडून घेतलेली पांढरी घोडी. चालायला देखणी, पण उभी म्हणून राहायची नाही.

पहिली वळणं बरी झाली. तरी साहेब ओरडत होतेच.

"हात खाली! लगाम धरलाय की झेंडूची माळ ओवतेस?"

"माळ ओवताना असं कुणी अंगावर येत नाय, साहेब."

"तोंड बंद. एक्स!"

सुवर्णाने लगाम ओढला. चांदणीने मान वाकवली आणि जागच्या जागी पाय उचलायला लागली. पुढच्या तासाची मुलं कठड्यावर बसली होती. "बेंजो लावा रे!" एकजण ओरडला.

पुन्हा एक्स, पुन्हा तेच. सुवर्णा जितकं ओढी तितकी घोडी जास्त नाचे. तोंडाला फेस आला. तिने टाच मारली, तर चांदणीने मान वळवून तिच्या बुटाचा चावा घेतला.

"सटवे, थांब!"

"घोडीला शिव्या देऊ नकोस," साहेब म्हणाले. "तिला कळलंय तुला काही येत नाही. उतर, आणि जा बाजारात फुलं घेऊन बस."

"घ्या तुमची घोडी!" सुवर्णाने लगाम घोडीच्या मानेवर फेकला आणि रिकिबीतून एक पाय काढला.

चांदणी उभी राहिली. चारही पाय जमिनीवर, शेपटीसुद्धा हलेना.

मग माझ्या लक्षात आलं. वरातीत नवरदेवाच्या हातात काहीच नसतं. दोर खाली मालकाकडे असतो. तो ओढला की नाचायचं, सोडला की थांबायचं. सुवर्णाच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिने पाय परत रिकिबीत घातला, ताठ बसली आणि सलाम केला.

"लगाम सोडून?" साहेब म्हणाले. "याला स्वारी म्हणतात?"

"उभी राहिली तर, म्हणालात. राहिली."

"उतर."

"काम माझं का?"

"उतर म्हणतो ना!"

"नाय उतरत. उतरले की लासलगाव."

"लासलगावचं काय?"

सुवर्णाने मांड आणखी घट्ट केली. साहेब तरातरा गेले आणि त्यांनी लगाम धरला. चांदणी त्यांच्याभोवती नाचली, त्यांच्या बुटावर पाय देऊन. मुलं खिदळली. त्यांनी लगाम सोडला. ती थांबली.

पुढच्या तासाची वेळ टळून गेली. ऊन चढलं. मुलांचे आईवडील मला विचारायला लागले, मी काय सांगणार? सुवर्णा हात मांडीवर ठेवून रिंगणाच्या मधोमध बसून होती.

शेवटी साहेबांनी तिच्याकडे पाठ केली.

"भाऊ, तिला सांगा, उद्या सहाला. उशीर झाला तर फाटकातूनच परत."

"भाऊ, त्यांना सांगा, साडेपाचला येते," असं म्हणून ती उतरली.

पुढे कितीतरी वर्षं त्या दोघांचं बोलणं माझ्याच मार्फत चाललं. तिने पुष्कळ मुलं तयार केली, ओरडायचीही अगदी साहेबांसारखी. २००६ साली ते क्लब सोडून निघाले. शेवटच्या दिवशी फाटकाशी थांबून मला म्हणाले, "तिला सांगा, लगाम हातात असताना ती घोडी अजून उभी राहिलेली नाही."

सुवर्णा चांदणीला खरारा करत होती. तिने वर पाहिलं नाही.

"त्यांना सांगा, ठाऊक आहे."