ओसाकात राहिलेला डॉक्टर

"जीभ दाखव बघू." हाच काकांचा नमस्कार. अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या आमच्या ऑफिसात, कॉफीच्या मशीनपाशी, चांगली शिकलीसवरली माणसं त्यांच्यापुढे जिभा काढून उभी राहायची. मीही राहिलो आहे. तुम्ही हसू नका, तुमच्या ऑफिसातही असा एक असेलच.

काका, म्हणजे सगळ्या ऑफिसाचेच काका, मूळचे सॉफ्टवेअर टेस्टिंगवाले. कंपनीने दोन वर्षं ओसाकाला धाडलं आणि परत आले ते वैद्य होऊन. कांपो नावाच्या जपानी काढ्यांच्या पुड्या त्यांच्या बॅगेत कायम. कोणी शंका काढली की ठरलेलं उत्तर: "अरे, तिकडे एमडी डॉक्टर लिहून देतात हे. इन्शुरन्समध्ये बसतं." ते खरंच होतं. फक्त हे लिहून देणारा डॉक्टर त्यांनी ओसाकातच ठेवला होता.

स्वतः रक्तदाबाचं औषध घ्यायचे. पोटऱ्यांत पेटके येऊ लागले, म्हणून पुडी सुरू केली. पेटके वाढले, तशा दिवसाला चार पुड्या झाल्या. एकदा मीटिंग संपली आणि त्यांना खुर्चीतून उठताच येईना. मी गाडीत घालून इमर्जन्सीत नेलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणखी काही घेता? हर्बल वगैरे?

"नथिंग," काका म्हणाले.

सगळ्या मजल्याला छातीठोकपणे पुड्या वाटणारा माणूस, आणि खऱ्या डॉक्टरपुढे ही शूरता.

"काका, सांगा ना," मी म्हटलं.

"गप रे. हसतात हे लोक आपल्याला."

रक्तातलं पोटॅशियम इतकं उतरलं होतं की हृदयाचे ठोके चुकत होते, आणि कारण सापडेना. शेवटी मीच बॅग उघडून पुड्या बाईंच्या हातात दिल्या. त्या हसल्या नाहीत. फोनवर शोधून म्हणाल्या, "यात ज्येष्ठमध आहे. ते पोटॅशियम घालवतं, यांच्या रक्तदाबाच्या औषधाबरोबर तर जास्तच. पेटके त्यानेच वाढले. जपानमधले डॉक्टर हे देताना रक्त तपासत राहतात."

काकांनी भिंतीकडे तोंड केलं. "तुला कोणी विचारलं होतं?"

तीन दिवसांत ठोके ताळ्यावर आले. पुढे काका मुलीकडे प्लेनोला गेले ते गेलेच. महामूर्ख माणूस, आणि मला फार आवडायचा. अजून दर रविवारी फोन करतो. मुलगी उचलते. "बाबा इज स्लीपिंग, अंकल." मागून काकांचा खणखणीत आवाज येतो, "झोपलेत म्हणून सांग त्याला."

तेवढं ऐकतो आणि फोन ठेवतो.