परक्या अंगणातली रांगोळी

जूचंद्रहून मी निघाले त्या सकाळी आईने दारात रांगोळी काढली होती. रोजच काढायची, त्यात विशेष काही नव्हतं. पण माझ्या मोठ्या बॅगेचं चाक नेमकं तिच्यावरून गेलं आणि कमळाच्या पाकळ्या फरफटत पार गाडीच्या दारापर्यंत आल्या. मी वाकून बोटाने त्या नीट करायला लागले तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं मंजे. तू जा. आज झाडू नाय मारायचा." माणूस घरातून निघालं की त्याच्या मागे लगेच केर काढायचा नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. पण आईने ती विस्कटलेली रांगोळी पुढे बरेच दिवस तशीच ठेवली होती, हे मला नंतर बाबांनी फोनवर सांगितलं. आलेगेले वळसा घालून घरात यायचे म्हणे.

तुम्ही जे गावात राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे बॅगा ओढत कुठे कुठे गेलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. मी ऑकलंडला आले. इथे दिवाळी वसंतात येते, भाड्याच्या घराला दार आहे पण दाराबाहेर गालिचा आहे, आणि गालिच्यावर रांगोळी काढली तर घरमालक काय म्हणेल हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही. मी दुकानदारांच्या वेबसाइट बनवणाऱ्या एका कंपनीत काम करते. आलेला माणूस लवकर बाहेर पडू नये, याची व्यवस्था करणं हे माझं काम. बटण कुठे ठेवलं की तो अडकतो, कुठल्या रंगाला भुलतो, हे मला पाठ आहे. पगार बरा आहे. तेव्हा अडकवण्याच्या धंद्याबद्दल मी जे बोलणार आहे ते बाहेरून ऐकलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आई दारातली रांगोळी काढायची, बाबा प्रदर्शनातली. गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात फिटर होते ते, पण दिवाळीच्या आधी सुट्टी टाकून गावच्या शाळेत जाऊन बसायचे. वर्गाच्या खिडक्या बंद, पंखा बंद, घामाच्या धारा, आणि जमिनीवर चिमटीचिमटीने उतरत जाणारा एखाद्याचा चेहरा. आपल्या गावाला हे नवीन नाही, प्रत्येक आळीत असा एखादा हात आहेच. बाबा मोठ्या लोकांचे चेहरे क्वचित काढायचे. मिठागरावर काम केलेला म्हातारा, फाटकापाशी भाजी विकणारी मावशी, असले त्यांचे चेहरे. आणि शेजारी पाटावर मूळ फोटो ठेवलेला असायचाच. "नमुना बाजूला ठेव. लोकांना ताडून बघू दे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लोक खरंच ताडून बघायचे. एकदा फोटोकडे, एकदा जमिनीकडे, आणि मग तोंडात बोट. प्रदर्शन संपलं की बाबा स्वतःच्या हाताने सगळं झाडून गोणीत भरायचे. मिसळून करडी झालेली ती पूड पुढच्या वर्षी खालच्या थराला कामाला यायची. मला लहानपणी रडू यायचं. त्यांना कधी आलेलं मी बघितलं नाही.

मी इकडे आल्यावर त्यांच्यासाठी त्या सगळ्यांच्या लाडक्या अ‍ॅपवर एक पेज उघडून दिलं. फुकट होतं, सोपं होतं, आणि बाबा हरखून गेले. दुबईतला कोणी, नागपूरची कोणी, "काका, काय हात आहे!" असं लिहायचे. मलाही वाटलं, बरं झालं, आपलं अंगण एवढं मोठं झालं.

मग आई गेली. महिनाभराच्या दुखण्यात गेली. मी पोचले ती तेराव्याला. त्याच दिवाळीत बाबांनी शाळेत आईचा चेहरा काढला. कपाळावर पदर, डोळे किंचित मिचकावलेले, कुणीतरी उन्हात उभं केल्यासारखे. मला परत सुट्टी मिळाली नाही. ती रांगोळी मी फोनवरच बघितली, बाबांच्या पेजवर. शेजारी पाटावर आईचा फोटोही दिसत होता, नेहमीसारखा. ऑफिसच्या जिन्यात बसून मी दोन्ही ताडून बघितले. फोटोत आई फोटोपुरती हसली होती. रांगोळीत ती माझ्याकडे बघत होती.

पुढे पेजचं रूप बदलत गेलं. आपल्याच गावातल्यांना आपली रांगोळी दिसेना. पैसे भरा म्हणजे पुढे ढकलू, असा निरोप यायला लागला. म्हाताऱ्यांचे चेहरे कोणी बघेना, पण एका क्रिकेटपटूचा चेहरा भरभर पळवलेल्या व्हिडिओत टाकला तर बघणाऱ्यांचा पूर आला. झालं, बाबा त्या पुराच्या नादी लागले. पहाटे मला फोन, जेवलीस का नंतर, आधी "किती लोकांनी बघितला?" भाजीवाल्या मावशीचा चेहरा त्यांनी अर्धाच सोडला. म्हणाले, "तिला कोन बघतंय?" हे माझे बाबा बोलले! मला त्यांचा राग आला, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी एका गिऱ्हाइकासाठी नेमकी तसलीच, आकड्याच्या नादी लावणारी युक्ती बसवून दिली. पिंजरा विणणारीही मीच आणि आतल्या पाखराला दाणे टाकणारीही मीच. सोडून द्यावं तर जाणार कुठे? गावात कोण आजारी, कुणाचं लग्न, कोण गेलं, सगळ्या बातम्या त्याच अ‍ॅपवर. ते काढून टाकलं तर माझं जूचंद्रच हातातून जातं.

आणि एका सकाळी पेज बंद. दुसऱ्याच्या मालकीची छायाचित्रं वापरल्याबद्दल, असं इंग्रजीत लिहून आलं. मला आधी काही उलगडेना. मग लक्षात आलं आणि हसावं की रडावं कळेना. आपल्या रीतीप्रमाणे प्रत्येक रांगोळीशेजारी तिचा नमुना. तिथल्या यंत्राने दोन्ही ताडून बघितले आणि ठरवलं की हा एकच फोटो दोनदा आहे, म्हणजे कुणाचा तरी चोरलेला. बाबांच्या हाताला आयुष्यात मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद, आणि तिचीच शिक्षा.

तक्रारीचं बटण होतं. दाबलं. त्याच मजकुराचं उत्तर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. रांगोळी म्हणजे काय हे मी किती परीने लिहून पाठवलं! बाबा रोज विचारायचे, "तिकरं मानूस नाय का बसत कोनी? मी येतो, दाखवतो हात." मी त्यांना काय सांगू? कारखान्यात साहेब कितीही तुसडा असला तरी त्याची केबिन तरी असते. इथे दारच नव्हतं, ठोठावणार कुठे?

फोटो मात्र आमच्याकडे दुसरे नव्हतेच. फोन भरला म्हणून बाबांनी सगळे काढून टाकले होते. "पेजवर हायेत ना, मग फोनमदी कशाला?" रांगोळ्या कधीच झाडल्या गेल्या होत्या. जमिनीवर नाहीत, फोनमध्ये नाहीत. आईचा तो चेहरा कुठल्याशा परक्या कपाटात कुलूपबंद, आणि किल्लीवाला कोण ते कुणालाच माहीत नाही. मी जिन्यात बसून ते बघत होते तेव्हा साधं फोनमध्ये उतरवून घ्यायचंही सुचलं नव्हतं. आपल्याच घरातली वस्तू कोणी उतरवून घेतं का?

मग मी आमची स्वतःची वेबसाइट करायला घेतली. काकांची मुलगी वैशाली गावात दारोदार फिरली, ज्याच्या त्याच्या फोनमध्ये जुनी प्रदर्शनं शोधत. मिठागरवाला म्हातारा सापडला, कुणाच्या तरी चपलेसकट. काही तिरके, काही अंधारे, पण सापडले. आईचा नाही सापडला. त्या दिवशी वर्गात लोक हात जोडून उभे होते, फोन कुणी बाहेर काढलाच नव्हता. वैशालीला हे सांगताना रडू फुटलं. मग नाक पुसत म्हणाली, "पण ताई, सच्ची सांगू? लिंक उघडायचा कंटाळा येतो लोकांना. सगळी पब्लिक तिकडेच आहे. नवीन पेज काढ ना, चालू होऊन जाईल."

तिचं खोटं नाही. वेबसाइटचं नावही भाड्याचंच, वर्षाच्या वर्षी भरलं नाही तर तेही जाईल. तिथे गर्दी नाही, वाहवा नाही. पण तिथे फाटकापाशी बसणाऱ्या मावशीच्या जागी कुणी क्रिकेटपटू आणून बसवत नाही. नमुना बाजूला ठेवला म्हणून कुणी चोर ठरवत नाही. आणि मी तिथे आलेल्याला अडकवायचं एकही बटण ठेवलेलं नाही. नोकरीत जे करते त्याच्या बरोबर उलट करताना मला किती हलकं वाटलं, कसं सांगू! सोमवारी पुन्हा कामावर गेले आणि तेच करायला बसले, ते वेगळं.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांना साइट दाखवली. आधी अपेक्षेप्रमाणे, "किती लोकांनी बघितला?"

"माहीत नाही बाबा. मोजायचं काही ठेवलंच नाही."

ते म्हणाले, "म्हंजी दारातल्यासारखी. तुजी आय कुठं मोजायची?"

वरच्या बाजूला मी एक चौकट मोकळी ठेवली होती. म्हटलं, इथे आईचा तो पाटावरचा फोटो लावते. बाबांनी मान हलवली. "तो नमुना हाय. रांगोली नाय."

"मग तुम्ही पुन्हा काढा ना."

त्यांनी फोन खाली करून गुडघे दाखवले. बसता येत नाही आता. फोन वर आला तेव्हा चेहरा ओला होता. "ती एकदाच आली व्हती हाताला, मंजे. ऱ्हाऊ दे जागा तशीच."

मी म्हटलं, लोकांना वाटेल काहीतरी बिघडलंय.

"वाटू दे. जागा आपली हाय ना?"

म्हणून ती चौकट रिकामी आहे. गावी जायला सुट्टी नाही, इथून सुटायला धीर नाही, ते अ‍ॅपही अजून फोनवर आहे, कारण उद्या कुणाची बातमी येईल सांगता येत नाही. तुझं घर कुठे, असं इथे कुणी विचारलं की मी जूचंद्र सांगते आणि साइट उघडून दाखवते. परवा ऑफिसातल्या एका मुलीने ती रिकामी चौकट बघून विचारलं, इथलं चित्र काढून टाकलंस का? मी म्हटलं, नाही गं. घरातलं माणूस आत्ताच गेलंय, म्हणून अजून झाडू मारलेला नाही.