वडिलांच्या पेनाचा अंगरखा

आमच्या भावोजींना माणसाचा चेहरा कधीच लक्षात राहत नाही. खिसा मात्र जन्मभर राहतो. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सरकारी कचेरीतून निवृत्त. लग्नाहून आल्यावर नवरदेव कसा होता ते त्यांना सांगता येणार नाही, पण त्याच्या मामाच्या खिशातल्या पेनाची क्लिप कोणत्या देशात घडली ते सांगतील. एकदा गंगापूरचे दादा वारले, म्हणून आम्ही सांत्वनाला गेलो होतो. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि भावोजींनी हळूच विचारलं, "दादांचं ते चांदीच्या नक्षीचं पेन कुठं ठेवलंय?" ताईनं असा चिमटा काढला, की चहा येईपर्यंत ते मांडी चोळत होते.

चांदीचं, पितळेचं किंवा सोन्याचा मुलामा दिलेलं नक्षीदार आवरण चढवलेली जुनी शाईची पेनं, आणि ती कोणी घडवली याचा शोध, हा त्यांचा एकमेव छंद. त्या आवरणाला ते अंगरखा म्हणतात. पेन हाती आलं की आधी अंगठ्यानं चोळून हुंगतात, कारण जुन्या कडक रबराला गंधकाचा वास येतो. इतक्या प्रेमानं त्यांनी आजवर एकही आंबा हुंगलेला नाही, असं ताई म्हणते. मग टोपण उलटं करून भिंगातून अंगरख्याची आतली कड बघतात; घडवणाऱ्याच्या हाताची खूण तिथंच राहते. निबवरचं नाव वाचतच नाहीत. "निब कुणीही बदलतं हो. कड कोण बदलणार?" आणि एक वाक्य ठरलेलं: "पेन करणारा एक, अंगरखा शिवणारा दुसरा. दोघांची नोंद वेगळी करायची."

एका रविवारी फुलंब्रीचे एक गृहस्थ रुमालात गुंडाळलेलं पेन घेऊन आले. "आज्याचं हाय. अख्खं गाव सोन्याचं म्हणतंय." भावोजींनी दहा मिनिटांत निकाल दिला. "पेन जर्मन, लई चांगलं. अंगरखा पितळेचा."

"थोडं तरी सोनं निघंल की, साहेब?"

"नाय निघत. आजोबांनी जन्मभर यानं लिहिलं, ते काय कमी झालं?"

त्यांना आग्रहानं दुसरा चहा पाजला, पण सोन्याचा एक कण दिला नाही.

मी यादी केल्याशिवाय भाजीलाही जात नाही. भावोजींच्या डोळ्याचा पडदा कमजोर होत चाललाय, पुढं फारसं दिसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यांच्या त्रेसष्ट पेनांची यादी मी अंगावर घेतली. क्रमांक, पेन कोणाचं, अंगरखा कोणाचा, शेरा. बासष्ट ओळी तीन रविवारांत भरल्या. त्रेसष्टावं पेन त्यांच्या वडिलांचं, रोज खिशात असणारं. त्यापाशी आलं की एकच उत्तर: "अभ्यास चालू आहे."

"किती वर्षं?"

"चाळीस."

स्वयंपाकघरात ताईनं मला बाजूला घेतलं. "अगं, त्यांना सगळं कळतं. सासरे सगळ्यांना सांगायचे, आमच्या कचेरीतल्या साहेबांनी मला खास विलायतेहून मागवून दिलंय, अंगरख्यासकट. आता बापाला खोटं कसं पाडतील?"

मला रिकामा रकाना बघवत नाही. पुढच्या रविवारी मी म्हटलं, "भावोजी, फुलंब्रीच्या पाहुण्यांना एक माप आणि घरच्यांना दुसरं?"

त्यांनी खिशातलं पेन काढलं. मग टोपण उलटं केलं आणि भिंग न घेताच आतल्या कडेवरून नख फिरवलं.

"लिहा, यादीवाल्या बाई. पेन विलायती. अंगरखा इथल्याच सराफ्यातला. कारागिराचं नाव माहीत नाही. हात हलका, काम सुबक."

यादी छापून आणली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन तपासली, त्याच पेनात शाई भरली आणि शेवटच्या ओळीच्या शेऱ्यात स्वतः लिहिलं: "वडिलांचं म्हणणं: सगळंच विलायतेचं." अक्षर रकान्याबाहेर गेलंय. एका ओळीत दोन उलटसुलट नोंदी मी एरवी ठेवत नाही. ही ठेवली.

हल्ली रविवारी मी पेटीतलं कुठलंही पेन त्यांच्या हातात देते. ते हुंगतात, कड चाचपतात, दोन्ही नावं सांगतात, आणि मी यादीत बघते. अजून एकही चुकलेलं नाही. त्रेसष्टावं मी विचारत नाही. ते त्यांच्या खिशात असतं.